महासरोवरांतील मत्स्यविनोद

कल्याणीच्या चालुक्य घराण्यांतील राजा तिसरा सोमेश्वर यानें बाराव्या शतकांत ‘मानसोल्लास’ नांवाचा जो विशाल संस्कृत ग्रंथ रचिला, त्यांत राजानें मन रमविण्यासाठीं करावयाच्या अनेक विनोदांत ‘मत्स्यविनोद’ हाहि एक विनोद सांगितला आहे. मासे कोणकोणते, त्यांना खाद्य घालून एका जागीं येण्याची संवय कशी लावावी, गळानें त्यांना कसें धरावें, हें सर्व त्यानें मोठ्या गांभीर्यानें लिहून ठेविलें आहे. पोटासाठीं मासे मारणारा कोळी निराळा आणि मनासाठीं मासे धरणारा राजा निराळा. आज या विनोदाला राजाच असावें लागत नाहीं. सुटीच्या दिवशीं गळाची काठी घेऊन पाण्यावर जाणारा कारखान्यांतील कामगारहि तो करूं शकतो. परंतु कोळी आणि राजा यांच्यांतील भेद मात्र कायम आहे, आणि उत्तर अमेरिकेंतील महासरोवरांचा गेल्या शंभर वर्षांचा इतिहास बव्हंशीं त्या भेदाभोंवतींच फिरतो.

अमेरिकेचीं संयुक्त संस्थानें व कॅनडा यांच्या सीमाप्रदेशांत सुपीरिअर, मिशिगन, ह्यूरॉन, ईरी व ओंटारिओ अशीं पांच गोड्या पाण्याचीं सरोवरें आहेत. सरोवर हा शब्द ऐकतांच आपल्या डोळ्यांपुढें कोल्हापूरचा रंकाळा, किंवा फार तर पैठणचा नाथसागर, उभा राहतो. त्या मापानें या जलाशयांची कल्पना यावयाची नाहीं. पांचांचें मिळून क्षेत्रफळ सुमारें ९४ हजार चौरस मैल, म्हणजे आजच्या महाराष्ट्राच्या जवळजवळ चार पंचमांश, भरतें. एकटें मिशिगन सरोवर ३०७ मैल लांब असून सर्व कोंकणपट्टी त्यांत जवळजवळ दोन वेळां मावेल. त्याची अधिकांत अधिक खोली ९२३ फूट आहे. पलीकडचा कांठ दिसत नाहीं आणि वादळ झालें म्हणजे समुद्रासारख्या लाटा उठतात. समुद्राशीं फरक इतकाच कीं, पाणी पितां येतें.

या थंड व खोल पाण्याचा राजा म्हणजे लेक ट्राउट नांवाचा मोठा, सावकाश वाढणारा, दीर्घायुषी मासा. त्याच्या खालोखाल रुपेरी अंगाचा ‘व्हाइटफिश’, म्हणजे पांढरा मासा. या दोन माशांवर ओडावा व ओजिब्वे या मूळच्या रहिवाशांनीं शतकानुशतकें गुजराण केली, आणि पुढें गोऱ्या कोळ्यांनींहि जाळ्यांच्या जोरावर मोठा व्यापार उभारला. वरच्या सरोवरांतून दोन्ही देश मिळून वर्षाला सुमारें दीड कोटि पौंड ट्राउट काढीत असत.

समुद्रांतील जलचर या वरच्या सरोवरांत शिरूं शकत नव्हते, कारण वाटेंत नायगाराचा धबधबा आडवा उभा होता. सुमारें १६७ फुटांची ती भिंत निसर्गानें जणूं पहाऱ्याला ठेविली होती. व्यापारी जहाजांना मात्र तीच अडचण वाटे. म्हणून १८२९ मध्यें कॅनडानें धबधब्याला वळसा घालणारा वेलंड कालवा खुला केला, आणि विसाव्या शतकाच्या आरंभीं तो अधिक रुंद व खोल करण्यास घेतला. जहाजें वर चढूं लागलीं. त्यांच्या मागोमाग लॅम्प्रे वर चढला.

लॅम्प्रे हा दिसावयास वामेसारखा, पण त्याला जबडा नाहीं. तोंडाच्या जागीं दातांनीं भरलेली एक वाटोळी चकती आहे. जळवेप्रमाणें तो माशाच्या अंगाला चिकटतो, खरखरीत जिभेनें कातडी भेदतो आणि रक्त शोषतो. अटलांटिक समुद्रांतील मोठे मासे त्याचा उपद्रव सोसून जगतात, पण सरोवरांतील ट्राउटला ही संवय नव्हती. एक लॅम्प्रे आपल्या वर्षदीड वर्षाच्या शिकारी आयुष्यांत चाळीस पौंडांपर्यंत मासळी मारूं शकतो. ओंटारिओ सरोवरांत तो मूळचाच कीं मागाहून आलेला, याविषयीं विद्वानांत अजून वाद आहे. त्यापुढील मुक्काम मात्र नोंदलेले आहेत : ईरींत १९२१, मिशिगनांत १९३६, ह्यूरॉनांत १९३७ आणि सुपीरिअरमध्यें १९३८. मनुष्याची अतिरेकी मासेमारी आणि हा नवा शत्रु यांच्या कात्रींत ट्राउट सांपडला. १९६० च्या सुमारास दीड कोटि पौंडांची मिळकत तीन लाख पौंडांवर येऊन ठेपली. मिशिगन सरोवरांत तर ट्राउट नांवालाहि उरला नाहीं. कांठच्या गांवांतील नावा किनाऱ्यावर पडून राहिल्या आणि कोळ्यांच्या मुलांनीं कारखान्यांची वाट धरली.

दोन्ही राष्ट्रांनीं १९५४ मध्यें करार करून महासरोवर मत्स्य आयोग स्थापन केला. लॅम्प्रेचीं पिलें नदीच्या गाळांत कांहीं वर्षें निरुपद्रवी रीतीनें वाढतात, तेथेंच त्यांना गांठावें, अशी युक्ति निघाली. मिशिगन संस्थानांतील हॅमंड बे येथील प्रयोगशाळेंत व्हर्नन ॲपलगेट व त्यांचे सहकारी यांनीं, लॅम्प्रेचें पिलूं मरेल पण ट्राउटचें पिलूं वांचेल असें द्रव्य शोधण्यासाठीं, सुमारें सहा हजार रसायनें एकामागून एक तपासलीं. किती वेळां निराशा झाली असेल याचा हिशेब मांडण्याची गरज नाहीं. अखेर ‘टी. एफ. एम.’ या संक्षिप्त नांवाचें द्रव्य हातीं लागलें आणि १९५८ पासून तें नद्यांत सोडण्यास आरंभ झाला. लॅम्प्रेची संख्या पुढें नऊ दशांशांनीं घटली. परंतु एका मादीला लाखभर अंडीं होतात, त्यामुळें हें काम कधींहि संपत नाहीं. २०२० व २०२१ या दोन वर्षीं कोविडच्या साथीमुळें औषध घालण्याचें काम अपुरें राहिलें, तोंच लॅम्प्रे पुन्हां वाढले.

घरचें झालें थोडें, व्याह्यानें धाडलें घोडें, म्हणतात त्याप्रमाणें त्याच कालव्यानें आणखी एक पाहुणा आला. हा एलवाइफ नांवाचा वीतभर मासा. आपल्याकडील तारली व पाला यांचा तो नातलग, आणि पाल्याप्रमाणेंच समुद्रांतून नदींत अंडीं घालण्यास चढणारा. मिशिगन सरोवरांत तो १९४९ मध्यें दिसला. त्याला खाणारा ट्राउट लॅम्प्रेनें आधींच संपविला होता, त्यामुळें राज्य मोकळें सांपडलें. कांहीं वर्षांतच सरोवरांतील मासळीच्या वजनाचा फार मोठा भाग एकट्या एलवाइफचा झाला. १९६७ च्या उन्हाळ्यांत त्यांची अशी मर आली कीं, शिकागोपासून उत्तरेपर्यंत वाळूच्या किनाऱ्यांवर सडक्या माशांचे ढीग लागले, शहरांना पाणी पुरविणाऱ्या नळांचीं तोंडें तुंबलीं आणि ढीग ढकलण्यास यंत्रें आणावीं लागलीं.

या सुमारास मिशिगन संस्थानच्या मत्स्यखात्याची सूत्रें हॉवर्ड टॅनर या तज्ज्ञाकडे होतीं. १९६४ मध्यें त्याची नेमणूक झाली तेव्हां वरिष्ठांनीं त्याला, कांहींतरी डोळे दिपविणारें करून दाखवावें, अशी सूचना दिली होती. टॅनरनें विचार केला कीं, सरोवरांत खाद्य उदंड आहे, खाणारा नाहीं, तर मग पॅसिफिक किनाऱ्यावरील सॅमन आणून सोडावा. असा प्रयत्न एकोणिसाव्या शतकांतहि झाला होता व तो फसला होता, म्हणून जाणत्यांनीं नाकें मुरडलीं. योगायोगानें ओरेगन संस्थानाकडे कोहो जातीच्या सॅमनचीं अंडीं शिल्लक होतीं. त्यांपैकीं दहा लक्ष १९६४ च्या अखेरीस भेट म्हणून मिळालीं. त्यांचीं बोटुकलीं वाढविलीं आणि २ एप्रिल १९६६ रोजीं प्लॅट नदींत पहिलीं सोडलीं. पुढच्याच वर्षीं चिनूक हा सॅमनांतील सर्वांत मोठा मासाहि सोडण्यांत आला.

टॅनर आणि त्याचा उत्तराधिकारी वेन टोडी यांना यशाची आशा होती, पण इतकी नव्हती. १९६७ च्या शरद्ऋतूंत एलवाइफवर माजलेले कोहो प्लॅट उपसागरांत गर्दीनें परतले. ही बातमी पसरतांच दूरदूरची माणसें मोटारींवर नावा बांधून धांवलीं. निजावयास जागा नाहीं, आमिष नाहीं, दुकानांत गळ शिल्लक नाहीं, अशी लहान गांवांची स्थिति झाली. कित्येकांनीं नदीच्या डोहांत वापरावयाच्या डोणग्या त्या समुद्रासारख्या पाण्यांत घातल्या. २३ सप्टेंबर रोजीं वादळाची सूचना मिळूनहि शेंकडों नावा बाहेर पडल्या. दुपारीं लाटांनीं त्या उलथून किनाऱ्यावर आपटल्या आणि सात जण बुडाले. विनोदासाठीं गेलेल्या माणसांचा असा अंत व्हावा ही मोठी शोचनीय गोष्ट. तरी उत्साह ओसरला नाहीं, उलट पुढील वर्षीं गर्दी वाढली.

सरकारनें येथें एक निर्णय घेतला होता आणि तो उघड होता : सरोवर यापुढें मुख्यतः हौशी मासेमारांचें. एका माशामागें हौशी मनुष्य नाव, पेट्रोल, खाणावळ, परवाना यांवर जो पैसा खर्चितो, तो त्याच माशाच्या बाजारभावाच्या कैक पट असतो, हा हिशेब. हिशेब चुकीचा नव्हता. परंतु या हिशेबांत कोळ्याची जागा कोठें होती? व्यापारी परवाने कमी करण्यांत आले आणि कल्ल्यांत अडकविणाऱ्या जाळ्यांवर बंदी आली. ट्राउट गेल्यावरहि पांढऱ्या माशावर तग धरून राहिलेलीं कुटुंबें यांत मोडलीं.

ही बंदी ज्यांना मान्य नव्हती, त्यांत मूळचे रहिवासी होते. ओडावा व ओजिब्वे यांनीं १८३६ च्या वॉशिंग्टनच्या तहानें आपली विस्तीर्ण भूमि सरकारास दिली होती, पण शिकारीचे व मासेमारीचे हक्क सोडले नव्हते. बे मिल्स येथील अल्बर्ट लेब्लांक हा धिप्पाड ओजिब्वे कोळी १९७१ मध्यें सुपीरिअर सरोवरांत मुद्दाम जाळें टाकून पकडला गेला, आणि संस्थानच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत भांडला. १९७९ च्या मे महिन्यांत संयुक्त सरकारच्या न्यायालयाचे न्यायमूर्ति नोएल फॉक्स यांनीं निर्णय दिला कीं, तहांतील हक्क जिवंत आहे आणि संस्थान तो हिरावूं शकत नाहीं. नावा उतरविण्याच्या धक्क्यांवर शिव्याशाप आणि दांडगाई झाली, जाळीं कापलीं गेलीं. पुढें १९८५ मध्यें तडजोड होऊन पाणी वांटून घेण्यांत आलें, २००० मध्यें दुसरी झाली, आणि २०२३ मध्यें न्यायालयानें तिसरी मंजूर केली. दोनशें वर्षांपूर्वींच्या कागदावरचा शब्द इतका पुढें टिकला, तो तो कागद जपून ठेवणाऱ्यांच्या चिकाटीनें. हौशी संघांनीं त्या काळीं मूळच्या रहिवाशांवर मासे संपविल्याचा जो आरोप केला, तो लॅम्प्रे आणि कालवा यांचा इतिहास पाहतां टिकणारा नाहीं.

दरम्यान आणखी एक विघ्न उभें राहिलें होतें. १९६९ मध्यें मिशिगन सरोवरांतील कोहोच्या मांसांत डी. डी. टी. इतकें निघालें कीं, संयुक्त सरकारनें विक्रीचा माल जप्त केला. त्याच वर्षीं मिशिगन संस्थानानें तें द्रव्य बंद केलें आणि १९७२ मध्यें सर्व देशांत बंदी आली. कारखान्यांतून सुटलेलीं दुसरीं विषें मात्र गाळांत मुरलीं आहेत. कोणता मासा महिन्यांतून किती वेळां खावा, याचीं पत्रकें सरोवरांकांठचीं सरकारें आजहि काढतात.

कोहोपेक्षां चिनूक अधिक सोयीचा ठरला, कारण त्याचीं बोटुकलीं सहा महिन्यांतच सरोवराकडे जातात, पोसण्याचा खर्च थोडा. वर्षानुवर्षें ती संख्या वाढत गेली. १९८० नंतरच्या दशकांत वीस-वीस पौंडांचे चिनूक इतके गळाला लागत कीं, भाड्यानें नाव नेणाऱ्या तांडेलांचा एक नवा धंदाच उदयास आला. मग १९८८ मध्यें मिशिगन सरोवरांत मेलेले चिनूक किनाऱ्याला लागूं लागले. मूत्रपिंडाचा एक जंतुजन्य रोग पसरला होता, आणि त्यामागें अन्नाची चणचण असावी असा तज्ज्ञांचा तर्क होता. ज्या एलवाइफचा उच्छेद करण्यास सॅमन आणला, त्याच्याच टंचाईची आतां काळजी पडली. करावयास गेले गणपति आणि झाला मारुति, तशांतला प्रकार.

त्याच वर्षीं सेंट क्लेअर सरोवरांत झेब्रा नांवाचा नखाएवढा पट्टेदार शिंपला सांपडला. काळ्या व कॅस्पियन समुद्रांकडील जहाजांनीं तोल सांभाळण्यास भरलेलें पाणी येथें ओतलें, त्यांतून तो आला. पाठोपाठ त्याचा भाऊ क्वाग्गा आला आणि तो खोल, थंड तळावरहि पसरला. एकेक शिंपला दिवसाला लिटरभर पाणी गाळतो, आणि असे शिंपले तळावर गालिच्यासारखे अंथरले आहेत. पाणी स्फटिकासारखें नितळ झालें. पाहणारास आनंद होतो, पण तें नितळपण उपाशी पाण्याचें आहे. ज्या सूक्ष्म वनस्पतींवर लहान जीव, लहान जीवांवर एलवाइफ आणि एलवाइफवर चिनूक जगावयाचा, त्या वनस्पतीच तळाशीं गडप होऊं लागल्या.

ह्यूरॉन सरोवरांत याचा परिणाम एकदम दिसला. २००३-०४ च्या सुमारास तेथील एलवाइफ जवळजवळ नाहींसे झाले आणि चिनूकहि गेले. रॉजर्स सिटी, हॅरिसव्हिल यांसारख्या गांवांतील धक्के ओस पडले. परंतु याच नाशांतून एक अनपेक्षित गोष्ट घडली. एलवाइफच्या अंगांत थायामिन या जीवनसत्त्वाचा नाश करणारें द्रव्य असतें. तो खाणाऱ्या ट्राउटच्या गाभोळींत तें जीवनसत्त्व उतरत नसे आणि पिलें मरत. शिवाय एलवाइफ इतर माशांचीं बारीक पिलें गिळी. तो जातांच ट्राउटचीं पिलें सरोवरांत आपोआप निपजूं लागलीं. सॅगिनॉ उपसागरांत वॉलाय हा रुचकर देशी मासाहि इतका वाढला कीं, त्याच्या पुनरुज्जीवनाचें ठरविलेलें उद्दिष्ट २००९ पर्यंत गांठलें गेलें. सॅमनच्या शोधांत येणारे पाहुणे मात्र सर्वच परतले नाहींत.

सुपीरिअर सर्वांत थंड आणि सर्वांत कमी बिघडलेलें. तेथील बहुतेक भागांत ट्राउट पूर्णपणें पूर्वस्थितीस आला, असें मत्स्य आयोगानें २०२४ मध्यें जाहीर केलें. लॅम्प्रेविरुद्ध साठपासष्ट वर्षें चाललेल्या खटपटीचें तें फळ होय. ईरीची गोष्ट याच्या उलट. तें उथळ व उबदार, म्हणून मासळीनें समृद्ध, आणि म्हणूनच शहरांची घाणहि त्याला लवकर बाधते. तेथील निळा वॉलाय कायमचा गेला, आणि १९८३ मध्यें तो नामशेष झाल्याचें सरकारी रीत्या नोंदलें गेलें. १९७० मध्यें पाऱ्याच्या विषामुळें मासेमारी थांबवावी लागली होती. २०१४ च्या ऑगस्टांत विषारी शेवाळामुळें टोलेडो शहराच्या सुमारें पांच लाख लोकांना नळाचें पाणी वर्ज्य झालें. असें असतांहि साध्या वॉलायची तेथें आज रेलचेल आहे. त्याच्या शर्यती लागतात आणि बक्षिसें मोठालीं असतात. ३० सप्टेंबर २०२२ रोजीं क्लीव्हलंड येथें अशाच एका शर्यतींत दोघा स्पर्धकांचे मासे दिसण्यापेक्षां फारच जड भरले. पंचानें जागच्या जागीं पोट चिरून पाहिलें, तों आंत शिशाचे गोळे व दुसऱ्या माशांचे तुकडे! बक्षीस सुमारें २९ हजार डॉलरांचें होतें. गुन्हा कबूल करून दोघांनीं दहा दिवसांची कैद भोगावयाची आणि नाव सरकारजमा व्हावयाची, असा निकाल लागला.

सर्वांच्या नजरा लागल्या आहेत त्या शिकागोच्या कालव्याकडे. १९०० मध्यें खुला झालेला हा कालवा महासरोवरांना मिसिसिपीच्या खोऱ्याशीं जोडतो, आणि त्या खोऱ्यांत चिनी कार्प मोकाट वाढले आहेत. त्यांतला सिल्व्हर कार्प म्हणजे आपल्याकडे रोहू-कटल्याबरोबर तळ्यांत पाळतात तोच चंदेरा. आपल्या तळ्यांत तो शेतकऱ्याला चार पैसे मिळवून देतो, तेथील नद्यांत मात्र यंत्राच्या आवाजानें उसळून नावाड्याच्या तोंडावर आदळतो. तो सरोवरांत शिरूं नये म्हणून कालव्यांत २००२ पासून विजेचा बांध घातलेला आहे. एका कालव्यानें लॅम्प्रे आणला हा अनुभव असल्यामुळें येथें हयगय होत नाहीं.

राहिलें मिशिगन सरोवर. तेथें चिनूक अजून आहे. २०२१ च्या ऑगस्टांत लडिंग्टनजवळ ४७.८६ पौंडांचा एक सांपडला आणि त्यानें १९७८ चा संस्थानचा विक्रम मोडला. पण शिंपल्यांनीं तळ व्यापला आहे, पांढऱ्या माशाचीं पिलें वाढत नाहींत, जाळीं टाकणाऱ्यांचें उत्पन्न घसरलें आहे, आणि अर्ध्याहून अधिक चिनूक आतां नद्यांत आपोआप निपजतात, त्यामुळें किती मासे आहेत हें ठरविणें पूर्वींसारखें सर्वस्वीं सरकारच्या हातीं नाहीं. ह्यूरॉनची गति होऊं नये म्हणून बोटुकलीं सोडण्याचें प्रमाण अनेकदां कमी केलें गेलें, २०१३ मध्यें तर निम्म्यानें. तांडेल म्हणतात, अधिक सोडा. ट्राउटचे अभिमानी म्हणतात, परक्या माशाचे लाड पुरेत. दोघांच्याहि म्हणण्यांत तथ्य आहे, आणि दोघांनाहि आंकड्यांची वाट पाहावी लागते. १९७३ पासून दर शरद्ऋतूंत सरकारी संशोधन नाव या सरोवराच्या ठराविक ठिकाणीं तळाशीं जाळें ओढते, आलेले एलवाइफ मोजते, तोलते आणि त्यांचें वय पाहते. खाणाऱ्याचें व खाद्याचें प्रमाण त्यावरून मांडतात, आणि पुढील वसंतांत किती चिनूक सोडावयाचे, हें त्या प्रमाणाकडे पाहून ठरतें.